मांजर सोडलं, गोधडी ठेवली

हे मांजराच्या केसांबद्दल लिहिलेलं आहे. एवढ्यावरच ज्यांना हसू आलं त्यांनी हसून घ्यावं, मी थांबते. आमच्या वस्तीतल्या मंडळातली पोरंही हसली होती. "शोभाताई, पाण्याचं पत्रक सोडून आता मांजराचं काढणार का?" मी म्हटलं, हे पाण्याचंच आहे, वाचलं की कळेल.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. वर मागणी, खाली मंडळाचं नाव, मध्ये एका पानात मावेल एवढा राग. हे मात्र एका पानात मावत नाही आणि याच्याखाली मंडळाचं नाव टाकता येत नाही. माझ्या बहिणीच्या डोक्यावर चट्टा पडला त्या वर्षी कुणी आमच्या हातात चार साध्या ओळी दिल्या असत्या, तर आमच्या घरातलं पुष्कळ रडणं वाचलं असतं. तशा ओळी कुणी लिहिलेल्या नव्हत्या. माणसाच्या रोगावर भिंती रंगवतात, गाईच्या रोगावर पत्रकं निघतात, पण गरिबाच्या घरातल्या मांजराला रोग होतो हेच कुणाच्या डोक्यात नसतं.

सरपंचीण

दुष्काळाचं वर्ष होतं. जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या काठाला आमची वस्ती. वडील, म्हणजे दादा, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. ट्रक भरायचे, कधी माल उतरवायला ट्रकबरोबर बीडपर्यंत जायचे. माय खडी फोडायच्या कामावर होती. मी कॉलेजात, आणि कॉलेज सुटलं की मंडळात. धाकटी सुजाता, आमची सुजी, तिसरीत होती.

मांजर दादांनीच मोंढ्यातून आणलं होतं, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून. पांढरं, शेपटी तेवढी काळी. मोठी झाल्यावर ती गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन बसायची, प्रत्येक घरी खायची, सगळ्यांच्या भांडणात मधे उभी राहायची आणि उंदीर समोरून गेला तरी बघायची नाही. दादा म्हणाले, "ही बराबर आमच्या गावच्या सरपंचावर गेली." तेव्हापासून तिचं नाव सरपंचीण.

रात्री मात्र ती फक्त आमच्या घरी. सुजी आणि ती एका गोधडीत झोपायच्या. गोधडी मायनं शिवलेली, तिच्याच फाटक्या लुगड्यांची, आत दादांचं धोतर. या गोधडीकडे लक्ष ठेवा. आम्ही ठेवलं नाही.

पहिला चट्टा

पहिला चट्टा तिच्या कानामागे दिसला, रुपयाएवढा गोल. केस उपटल्यासारखे गेलेले नव्हते, तुटलेले होते. बोट फिरवलं की दाढीच्या खुंटासारखे लागायचे. वर राखेसारखा कोंडा. मग दुसरा डोळ्याच्या वर आला, तिसरा पुढच्या पायावर. ती फारशी खाजवत नव्हती. खात होती, खेळत होती, सरपंचकी चालूच होती. त्यामुळे ज्याचं त्याचं निदान सुरू झालं.

शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "पाल चाटली असंल तिला."

दादा म्हणाले, "दुष्काळ हाय. झाडाची पानं गेली, हिचे केस गेले."

माय म्हणाली, "चाई लागली. माणसाला लागती तशीच."

गल्लीच्या टोकाला राहणारे एकजण उतारा टाका म्हणाले. त्यांना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीत मांजरावरून लिंबू ओवाळायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखवू. तेव्हा घरातली सगळी माझ्याकडे असं बघायला लागली, जसं मी तिला विमानानं मुंबईला न्यायचं म्हणाले.

गुरांचा दवाखाना

टोपलीत सरपंचीण, वर झाकायला मायचं जुनं फडकं, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सुजी. दवाखान्याच्या अंगणात गाई बसलेल्या होत्या. बसलेल्या म्हणजे उठता न येणाऱ्या. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एका बैलाच्या तोंडाशी त्याचा मालक ओला टॉवेल पिळत होता.

डॉक्टर सुई हातात घेऊनच आले. "काय आणलंय?"

"मांजर आहे. केस जाऊन राह्यलेत."

त्यांनी मागं अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझ्यासमोर गाया मरून राह्यल्यात बाई, अन् तू मांजर घेऊन आलीस?"

"तिलाही रोगच झालाय ना."

"खरूज असंल. लेकरापासून दूर ठेवा. जमलं तर लांब नेऊन सोडा."

टोपलीवरचं फडकं त्यांनी उचललं नाही. परत येताना सुजी म्हणाली, "अक्का, त्यांनी टोपलीत बघितलंच न्हाई. मंग त्यांना खरूज हाय हे कसं कळालं?"

घरी येऊन मायनं गंधक खोबरेलात कालवलं आणि सरपंचिणीच्या चट्ट्यांना लावलं. तिनं अंग झटकलं आणि जाऊन गोधडीत शिरली.

फणी

थोड्या दिवसांनी माय सुजीच्या उवा काढत होती. फणी फिरता फिरता थांबली. मी पुस्तक घेऊन समोर बसले होते, मला आवाज बंद झाल्याचं कळलं. मायनं केस बाजूला करून बोटानं दाखवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला गोल चट्टा. तसाच. तुटके केस, वर राख.

"दुखतं का गं?" मायनं विचारलं.

"न्हाई. काय झालं? ऊ मोठी हाय का?"

मी माझी बाही वर केली. मनगटाच्या वर लाल कडी उठलेली होती, मध्ये त्वचा स्वच्छ, कडेला पुरळ. ती मला दोन दिवसांपासून दिसत होती, पत्रकं छापून आणताना लागलेल्या छापखान्याच्या शाईनं झालं असेल असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी आमच्या घरात जो शब्द कुणी उच्चारला नाही तो सगळ्यांच्या मनात होता. महारोग. अंगावर चट्टा म्हटलं की आमच्याकडे दुसरं काही आठवतच नाही. दादा जेवता जेवता सुजीच्या हाताच्या बोटांकडे बघत होते, शाबूत आहेत का. तिच्या लक्षात आलं. तिनं बोटं हलवून दाखवली आणि हसली. तिला वाटलं, खेळ आहे.

शाळेतल्या बाईंनी मात्र तो शब्द उच्चारला, वर्गात, सगळ्यांसमोर. सुजीला उठवून दाराजवळ एकटीला बसवलं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय यायचं नाही असं सांगितलं. घरी आल्यावर तिनं सांगितलं ते असं: "मला दाराजवळची जागा दिली. तिथं वारं चांगलं लागतं."

माय चुलीसमोर होती. ती मागे न वळता म्हणाली, "आमाला दाराच्या भायेर बसवायचे. तवा तर रोग बी नव्हता."

गंगापार

मग गल्लीतल्या बायका आल्या. भांडायला नाही, तेच जास्त वाईट. पंचफुलाबाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. एरवी त्या सरळ चुलीपाशी येऊन चहा मागायच्या. म्हणाल्या, "शोभाच्या माय, तुझं लेकरू ते माझं लेकरू. पण माझ्या घरात बी तिघं हायेत. मांजर काढ."

मांजर कुणी मारत नाही. मारलं की पाप लागतं, सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आमच्या वस्तीतल्या देव सोडलेल्या माणसांच्याही मनातून गेलेलं नाही. मांजर सोडतात. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, लांब न्यायचं. आणि पक्कं सोडायचं असेल तर गंगापार न्यायचं, म्हणजे आमच्याकडे गोदावरीच्या पलीकडे. पाण्यावरून नेलं की मांजराचा माग तुटतो, मग ते घर शोधत येत नाही, असं सगळे मानतात.

मी तेव्हा औरंगाबादला होते. आमच्या वस्तीत टँकर येत नाही म्हणून मोर्चा होता. वरच्या आळीतल्या विहिरीवर आम्हाला दोर लावू देत नाहीत, वरून घागरीत ओततात, त्यांच्या मनाला येईल तेव्हा; ते सगळं त्या निवेदनात होतं. साहेबांनी निवेदन घेतलं, आणि आम्ही घोषणा देऊन घसा बसवून परत आलो.

घरी आले तर दारात सरपंचिणीची वाटी पालथी पडलेली. दादा ट्रकवरून आले होते, हातपाय न धुता बसले होते. धुवायला पाणीही नव्हतं.

"कुठं गेली?"

"सोडली. शहागडच्या फुढं. गंगापार."

"कुणाला विचारून?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्यावर कधी ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. "तू निवेदन द्यायला गेल्ती ना. तवर गल्लीनं आमाला निवेदन दिल्तं."

सुजी कोपऱ्यात गोधडी पांघरून बसली होती. उन्हाळा लागला होता, तरी पांघरून. ती रडत नव्हती. माय म्हणाली, सकाळपासून तशीच आहे, गोधडी काढू देत नाही, तिच्यात सरपंचिणीचा वास आहे म्हणते.

"राहू दे," माय म्हणाली. "तेवढं तरी राहू दे तिला."

ही आमच्या घरातली दया होती. तिनंच आमचा घात केला.

दादा सुजीजवळ जाऊन बसले. "तुझ्या डोक्यावर केस आले की आणतो तिला. पक्कं."

"अन् तिच्या अंगावर?"

"तिच्या बी येतील."

टकली

न्हाव्यानं हात लावायला नकार दिला, तेव्हा दादांनीच आपल्या वस्तऱ्यानं सुजीचं डोकं केलं. पोरीचं डोकं भादरलेलं बघून वस्तीत दोन म्हाताऱ्या रडल्या. तिनं आरशात बघितलं आणि विचारलं, "आता लवकर येतील ना?" केस की मांजर, ते तिनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता ऐका. मांजर गेलं. घरात मांजराचा केसही नको म्हणून मायनं जमीन सारवली, वाटी फेकली, पोतं जाळलं. आणि तरी सुजीच्या डोक्यावर दुसरा चट्टा आला. मग मानेवर. गंधक लावलं की लाल व्हायचं, सुकायचं आणि पुन्हा शेजारी उठायचं. माझ्या हातावरची कडी मात्र गंधकानं गेली.

हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, मांजर उशिरा काढलं. माय म्हणाली, पोरगी मांजराच्या वियोगानं झुरतेय, त्यानं रक्त बिघडलं. मी म्हणाले, सरळ औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. माय घाबरत होती, तिथं तो शब्द कागदावर लिहून देतील म्हणून. एकदा लिहिला की पुसता येत नाही. त्यावरून आम्ही मायलेकी इतकं भांडलो की नंतर बोलायचं बंद झालं. "तू पत्रकं वाट," ती म्हणाली. "लेकरू माझं हाय." एका खोलीत राहून दोन बायका एकमेकींशी बोलत नसल्या की सगळं तिसरीमार्फत चालतं. सुजी आमच्यात निरोप्यासारखी फिरायची. "माय म्हणती, भाकर खा." "अक्का म्हणती, भूक न्हाई."

एक दिवस तिनं स्वतःच दोघींच्या मध्ये बसून सांगितलं, "मला दवाखान्यात न्या. मला जल्दी केस पाहिजेत."

मायनं पिशवी भरली.

हिरवा उजेड

एसटीत सुजीनं गोधडी मांडीवर घेतली होती. ती सोडून यायला तयारच झाली नव्हती. दवाखान्यात चर्मरोगाच्या खोलीबाहेर लांब रांग. सगळे एकमेकांच्या अंगाकडे चोरून बघत होते आणि आपलं अंग झाकत होते. मायनं सुजीच्या डोक्यावर पदर धरून ठेवला होता.

आतल्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, दमलेल्या. त्यांनी सुजीचं डोकं दोन्ही हातांनी धरून बघितलं. उघड्या हातांनी. मायनं माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी सुजीच्या डोक्याला बाहेरच्या माणसाचा हात लागत होता.

"घरात मांजर आहे का?"

"होतं," मी म्हटलं.

"कुठं गेलं?"

"सोडलं."

बाईंनी खिडक्या लावायला सांगितल्या. अंधार झाला. त्यांनी एक दिवा लावला, त्याचा उजेड जांभळट, न दिसल्यासारखा. तो सुजीच्या डोक्यावर धरला आणि चट्ट्यातले तुटके केस हिरवे चमकायला लागले. काजव्यांसारखे. मायच्या तोंडून आवाज निघाला.

"घाबरू नका. हा महारोग नाही," बाई म्हणाल्या. "नायटा आहे. डोक्यातला. बुरशीचा रोग असतो हा. मांजरांना होतो, त्यांच्यापासून लेकरांना होतो. गोळ्या देते, बरा होतो."

मायला 'नाही' एवढाच शब्द ऐकू आला होता. तिनं तो पुन्हा म्हणायला लावला.

मग बाईंनी विचारलं, "हे काय आहे हिच्या हातात?"

"गोधडी. मांजर हिच्यात झोपायचं," सुजी म्हणाली.

बाईंनी दिवा खाली नेला आणि गोधडीवर धरला.

गोधडीभर हिरव्या रेघा उमटल्या. बारीक, तुटक, शेकड्यांनी. टाक्यांमध्ये अडकलेले केस, लुगड्याच्या काठात अडकलेले, सुजीची मान टेकायची तिथं सगळ्यात जास्त. सरपंचीण जिथं अंग मुडपून झोपायची तिथं तिचा गोल आकार दिसत होता. जणू ती तिथं होती, फक्त हिरवी.

सुजीनं त्या गोलावर हात ठेवला. "ही बघ अक्का. इथंच हाय."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "मांजर बाहेर काढलंत आणि रोग घरात ठेवलात. हे धुतलं नव्हतं का कधी?"

हा प्रश्न त्यांनी वाईट हेतूनं विचारला नव्हता. पण मायनं मान खाली घातली, आणि माझ्यातलं पत्रक बाहेर आलं. मी म्हटलं, "बाई, आमच्या वस्तीत प्यायला पाणी नाही. ज्या घरात तोंड धुतलेलं पाणी भांड्याला वापरतात आणि भांड्याचं शेळीला पाजतात, त्या घरात गोधडी कशानं धुवायची?"

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला पाणी लिहून देता येत नाही. आलं असतं तर दिलं असतं. पण हे उकळलं नाही तर गोळ्यांचा उपयोग नाही."

दाराबाहेर पडताना मी विचारलं, मांजराचं काय झालं असतं, ठेवलं असतं तर? त्या म्हणाल्या, मी माणसांची डॉक्टर आहे, पण एवढं माहीत आहे की पुष्कळ मांजरं आपोआप बरी होतात. वेळ लागतो.

लोटा

गोधडी उकळायची म्हणजे हंडाभर पाणी. आमच्याकडे त्या आठवड्यात हंडाभर पाणी प्यायलाही नव्हतं. मायनं अंगणात उभं राहून सगळं सांगितलं: महारोग नाही, नायटा आहे, मांजर नाही, गोधडी आहे. सांगून ती घरात आली.

थोड्या वेळानं पंचफुलाबाई आल्या. या वेळी उंबरा ओलांडून, सरळ चुलीपाशी. हातात भरलेला लोटा. "हे घे. अन् चुलीवर काय ठेवती, तुझी ती पितळी? जयंतीचं मोठं पातेलं आणा म्हनावं."

कुणीतरी बाहेरून म्हणालं, "जयंतीच्या जेवणाचं पातेलं, अन् त्यात गोधडी?"

"मंग काय झालं? घासून घेऊ. त्यात काय तुज्या लग्नाचा भात शिजवायचाय का?"

पातेलं आलं. मग एकेक बाई आली. जिला जमलं तिनं लोटा, जिला नाही जमलं तिनं पेला. ज्यांनी मांजर काढा म्हणून सांगितलं होतं त्याच. त्या वर्षी त्या वस्तीत एक लोटा पाणी म्हणजे काय होतं हे मी कुठल्याही निवेदनात नीट लिहू शकले नाही. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी वरण शिजलं नसणार.

गोधडी उकळली. पांढरे केस वर तरंगायला लागले. सुजी पातेल्याजवळ उभी होती आणि वाफ नाकानं ओढत होती. शेवटी म्हणाली, "गेला वास."



गोळ्या

गोळ्या दुधाबरोबर घ्यायच्या होत्या, नाहीतर अंगी लागत नाहीत. दूध पंचफुलाबाईंच्या शेळीचं. तिला चारा नव्हता म्हणून ते पेलाभरच असायचं आणि ते त्या स्वतः आणून, सुजी पिईपर्यंत समोर बसायच्या. महिना गेला, दुसरा गेला. चट्ट्यांची राख गेली. मग एका सकाळी मायनं हात फिरवला आणि तिला मऊ लव लागली. तिनं मला हाक मारली. "शोभा, इकडं ये. बोट लाव." आमचं बोलणं असं सुरू झालं.

सुजी सर्टिफिकेट घेऊन शाळेत गेली. बाईंनी ते वाचलं आणि तिला मधल्या रांगेत बसवलं. माफी मागितली नाही. मी मागायला लावणार होते, सुजीच म्हणाली, "राहू दे अक्का. मला फक्त वारं लागत न्हाई आता."

दुष्काळ सरल्यावर मी गुरांच्या दवाखान्यात पुन्हा गेले, भांडायलाच. अंगण रिकामं होतं. डॉक्टरांनी मला ओळखलं. या वेळी त्यांनी बसायला सांगितलं आणि समजावून दिलं. मांजराचे केस पिसवांनी खाजवून जातात. खरजेनं जातात, तेव्हा ते रात्रंदिवस खाजवतं आणि कातडी जाड होते. घाबरलं, एकटं पडलं तर चाटून चाटून स्वतःचे केस काढतं. आणि नायट्यानं जातात, तेव्हा चट्टा गोल, केस तुटके, खाज थोडीच. हातात घेऊन बघितल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

"मग त्या दिवशी हातात का नाही घेतलं?"

ते अंगणाकडे बघत राहिले. "त्या दिवशी तिथं चौदा गाया होत्या. एकही वाचली न्हाई."

मी भांडायला गेले होते. न भांडताच परत आले.

म्हणून ही माझी मागणी, पत्रकातल्यासारखी सरळ. मांजराच्या अंगावर चट्टा दिसला तर पोतं शोधू नका. त्याला वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, हात धुवा, लेकरांना काही दिवस जवळ झोपवू नका. ते जिथं झोपलं ते सगळं उकळा, फण्या आणि टोप्यासुद्धा. लेकराच्या डोक्यावर चट्टा आला तर तो शब्द मनात धरून घरात बसू नका, दवाखान्यात न्या. आणि उकळायला पाणी नसेल, तर चूक मांजराची नाही, तुमचीही नाही. सगळ्यांनी मिळून पाणी मागा.

शहागड

पावसाळा सरला तेव्हा सुजीच्या केसांना तेल लावून भांग पाडता येत होता. तिनं दादांना काही आठवण करून दिली नाही. फक्त एका सकाळी भांग पाडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

दादांनी ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगितलं. आम्ही तिघं गेलो. शहागडला सडकेच्या कडेला एका बाईचं चहाचं हॉटेल होतं. दादांनी तिला विचारलं, पांढरं मांजर, काळी शेपटी, अंगावर चट्टे.

"चट्टेवालं?" ती म्हणाली. "उन्हाळ्यात आल्तं की. पलीकडून, वाळूतून चालत आल्तं. हितंच बाकाखाली राह्यलं. मी हाकलायची, गिऱ्हाईक उठून जायचं त्याला बघून. पण जायचंच न्हाई. मंग आपोआप बरं झालं बघा. सगळे केस आले. लई गोजिरं दिसायचं."

"आता कुठंय?" सुजीनं विचारलं.

बाईनं जालन्याच्या रस्त्याकडे हात केला. "पाऊस लागायच्या आधी गेलं. अशी सडक धरून. मला वाटलं, येईल माघारी. न्हाई आलं."

सुजी त्या रस्त्याकडे बघत राहिली. मी दादांना बाजूला नेलं आणि विचारलं, गंगापार सोडलेली ती अलीकडं कशी आली? त्यांनी मला त्या वेळी सांगितलं, पुलाखाली भरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत.

"पाण्यावरून नेलं की माग तुटतो म्हणत्यात. गल्लीला तेच पाहिजे होतं, गंगापार. पण त्या वक्ताला गंगेला पाणी कुठं होतं? नुसती वाळू होती. म्हणून तर तिला हितं, पुलाच्या पल्याड सोडली. म्हटलं, यायचं असंल तर येईल."

परत निघालो. ट्रकवाल्यानं केबिनमध्ये जागा दिली. सुजी माझ्या आणि दादांच्या मध्ये बसली. वडीगोद्री मागे पडली, अंबड आलं. ती म्हणाली, "दादा, ट्रक हळू चालवा म्हणा." मग मला म्हणाली, "अक्का, तू तुझ्या बाजूनं बघ. दादा त्यांच्या बाजूनं बघतील. मी समोर बघते."

जालन्यापर्यंत आम्ही बघत आलो.